टांकसाळीची चूक आणि कुंडातले पाणी

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीला येणारा माणूस सहसा दोन गोष्टी केल्याशिवाय परतत नाही: टेकडीवरच्या देवीचे दर्शन आणि खाली गरम पाण्याच्या कुंडातले स्नान. तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी असा या झऱ्यांचा पट्टा आहे. पाण्याला गंधकाचा वास येतो, त्यात क्षार विरघळलेले आहेत आणि ते बाराही महिने गरम असते. पवित्र पाणी दिसले की त्यात पैसा सोडायचा, ही तर आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. खाडीपुलावरून लोकल जाऊ लागली की आजही दारातला एखादा हात कपाळाकडे जातो आणि एक नाणे खाली जाते. समजा, १९७० च्या सुमारास एखाद्या भाविकाने पितळी दहा पैशांचे नाणे अशा कुंडात सोडले आणि चाळीस-पन्नास वर्षांनी गाळ उपसताना ते कुणाच्या हाती लागले. ते पिवळे राहिलेले नसेल. अंगावर तांबूस झाक, अक्षरे बोथट, एका बाजूला खळगे. फोनवर त्याचा फोटो फिरला की कुणीतरी ठामपणे सांगतेच : तांब्याच्या चकतीवर चुकून छापले गेलेले नाणे आहे, लाखाचा माल आहे, सोडू नका.

हे सांगणारा नेहमीच लबाड असतो असे नाही. बऱ्याचदा त्याचाही त्यावर विश्वास असतो. पण या विश्वासावर जगणारे लोकही पुष्कळ आहेत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, दलाली, कर अशा नावांखाली पैसे मागितले जातात, अशी सूचना खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये काढावी लागली. ही झाली खिशाची बाजू. इतिहासाची बाजू याहून नाजूक आहे. टांकसाळीतली चूक म्हणून जे मिरवले जाते ते बहुतेक वेळा हवापाण्याचे काम असते. आणि झिजलेले, बिघडलेले म्हणून जे भंगारात जाते त्यात कधीकधी एका राज्याने दुसऱ्या राज्यावर मारलेला शिक्का असतो. दोन्हींतला फरक ओळखणे हे नाण्यांच्या अभ्यासातले अगदी पहिले काम. ते जमले नाही, तर पुढचे सारे तर्क हवेत उभे राहतात.

फरक ओळखण्यासाठी आधी नाणे बनते कसे ते पाहावे लागते. मुंबईच्या किल्ल्यातली, टाऊन हॉलजवळची टांकसाळ १८२९ साली बांधून झाली. तिथे वाफेवर चालणारी यंत्रे आली आणि १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखात एकाच वजनाचा, १८० ग्रेनचा, रुपया सुरू झाला. वाफेच्या जागी वीज आली, वेग कितीतरी पटींनी वाढला, पण क्रम फारसा बदललेला नाही. धातूची पट्टी लाटायची, तिच्यातून गोल चकत्या कापायच्या, त्या तापवून मऊ करायच्या, कडा दाबून किंचित उचलून घ्यायच्या आणि मग दोन ठशांच्या मध्ये ठेवून दाब द्यायचा. त्या क्षणी चकतीभोवती एक पोलादी कडे असते. धातू बाहेर पसरू पाहतो, कडे त्याला अडवते आणि म्हणून तो ठशाच्या खोलगट रेषांमध्ये वर चढतो. राजाचा चेहरा, अशोकस्तंभ, साल, सारे या एका दाबात उमटते. नाण्याच्या आयुष्यात अशी घटका पुन्हा येत नाही, कारण एवढा दाब, तोही दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आणि कड्यात जखडून, बाहेरच्या जगात त्याला कुठेच मिळत नाही.

त्यामुळे नाण्यावरचे कोणतेही विचित्र चिन्ह दिसले की एकच प्रश्न विचारायचा : हे ठोक्याच्या आधीचे, ठोक्याच्या वेळचे, की नंतरचे? पहिली दोन उत्तरे टांकसाळीची. तिसऱ्यात सारे जग येते: कुंड, चूल, खिसा, रूळ, सोनार आणि चिंच.

सगळ्यात सोपी खूण उंचवट्याची. ठसा म्हणजे पोलादच. लाखो ठोके खाऊन त्यालाही तडा जातो. त्या तड्यात नाण्याचा धातू शिरतो, म्हणून नाण्यावर एक बारीक, वर आलेली रेघ उमटते. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला, तर नाण्याच्या काठाशी गुळगुळीत ढेकूळ दिसते. याउलट नंतर पडलेला ओरखडा आत जातो आणि त्याच्या दोन्ही काठांना धातू किंचित सरकलेला असतो, नांगराच्या तासाशेजारी माती सरकते तसा. वर आलेली जास्तीची रेघ सोनारालाही सहज बनवता येत नाही. खाली गेलेली रेघ मात्र पोरसुद्धा खिळ्याने काढू शकते. उलट बाजूचा अपवादही आहे. ठसा आणि चकती यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा किंवा धातूची कात्रण सापडली, तर त्यांचा ठसा नाण्यात आत उमटतो. पण तेव्हा त्या खोलगट भागाचा तळ दाबाने चकचकीत झालेला असतो, ओरबाडलेला नसतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग असले की हे दिसते.

अक्षर गहाळ असणे हे दुसरे मोठे मायाजाल. ठशातल्या बारीक खाचेत तेलवंगण आणि धातूची भुकटी साचते, धातूला आत शिरायला जागा उरत नाही आणि अक्षर अर्धवट उमटते. मुंबईच्या टांकसाळीची खूण म्हणजे सालाखालचा चिमुकला हिरा. कोलकात्याला खूणच नसते. मुंबईच्या ठशातला हिरा वंगणाने बुजला की नाणे कोलकात्याचे वाटू लागते, आणि कुणी तो हिरा घासून टाकला तरी तसेच वाटते. वंगणाने बुजलेल्या जागेची पातळी आजूबाजूच्या जमिनीशी मिळून येते, तिथली चकाकी तुटत नाही. घासलेल्या जागी चकाकी मोडते, तिरके पाहिले तर उथळ खळी दिसते. झीज मात्र आणखी वेगळी. ती उंच भागांना आधी खाते: राजाचा गाल, भुवई, सिंहाचे नाक. अशा वेळी खोलातले अक्षर शाबूत असते आणि उंचावरचे गेलेले असते. फक्त खोलातलेच एक अक्षर नाहीसे आणि चेहरा मात्र ताजा, असे असेल तर बोट टांकसाळीकडे जाते.

कड तुटलेल्या नाण्यांचे उदाहरण मला या साऱ्यात सर्वांत आवडते, कारण तिथे पुरावा चुकीच्या जागी नसून बरोबर समोरच्या काठावर असतो. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच पडलेल्या भोकावर चढते आणि चतकोर खाल्लेल्या भाकरीसारखी निघते. पुढे ही चकती कडा उचलणाऱ्या यंत्रात जाते. ते यंत्र चकतीला दोन बाजूंनी दाबत फिरवते. एका बाजूला धातूच नाही, म्हणून तिच्या थेट समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही. नाणे छापून आल्यावर तुटलेल्या भागाच्या अगदी समोरची किनार पुसट, चपटी राहते. अमेरिकन संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. ज्याने घरी बसून कात्रीने किंवा कानशीने नाण्याचा चतकोर काढला, त्याला समोरच्या किनारीचे भान नसते. ती ठणठणीत उभी असते. शिवाय खऱ्या नाण्यात तुटीजवळची अक्षरे तिच्याकडे ओढल्यासारखी पसरतात, कारण धातू रिकाम्या जागेकडे धावलेला असतो. कापलेल्या नाण्यात ती सरळ चिरली जातात.

एक चूक अशीही आहे जिची नक्कल ना पाणी करू शकते ना हातोडा. आपल्या नाण्यांवर दोन्ही बाजूंची वरची दिशा एक असते; नाणे पानासारखे उलटले तर मागची बाजू सरळ दिसते. वरचा किंवा खालचा ठसा यंत्रात सैल होऊन फिरला, तर मागचा आकडा तिरपा किंवा थेट उलटा येतो. हे नंतर घडवायचे तर नाणे मधोमध कापून पुन्हा चिकटवावे लागेल, आणि तसा सांधा धारेवर नखालाही लागतो. मौज अशी की या निर्विवाद चुकीला बाजारात फारसे ग्लॅमर नाही, कारण फोटोत ती दिसत नाही.

फोटोत छान दिसते ते उलट्या अक्षरांचे नाणे. छापलेले नाणे वरच्या ठशालाच चिकटून राहिले आणि खाली नवी चकती आली, तर तिच्या एका बाजूवर चिकटलेल्या नाण्याची आरशातली, आत गेलेली प्रतिमा उमटते आणि दुसऱ्या बाजूवर नेहमीसारखा ठसा. हे खरे आणि दुर्मीळ. पण दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात, म्हणजे फिटरच्या व्हाइसमध्ये, आवळली तरी उलटी अक्षरे उमटतात. तेव्हा मूळची सुलटी अक्षरे पूर्ण जात नाहीत, त्यांच्यावरच ही उलटी चढलेली असतात, आणि मागची बाजू चपटलेली असते. टांकसाळीतल्या उलट्या प्रतिमेखाली कोरी चकती होती. तिथे सुलट्याचा मागमूस नसतो. मोटारमनच्या कृपेने बनणारे चपटे रुपये तर मुंबई-ठाण्याकडच्या कित्येक पोरांनी पाहिले असतील. रुळावर ठेवलेल्या नाण्याचे वजन तेच राहते, क्षेत्रफळ वाढते, चित्र एका दिशेला ताणले जाते. अशी नाणी 'मोठ्या चकतीवर छापलेली' म्हणून विकायला ठेवलेली मी पाहिली आहेत.

आणि जी चूक सगळ्याच नाण्यांवर आहे ती टांकसाळीच्या यंत्राची चूकच नव्हे. १९११ साली पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या पदकमाळेतला हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघांनाही ते खटकणे स्वाभाविक होते. सरकारने ते रुपये मागे घेतले आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरून घेतला. तिथे यंत्राने आपले काम अचूक केले होते. चुकले होते ते कोरणाऱ्याचे.

आता पुन्हा कुंडाकडे. कोकणच्या पट्टीत असे गरम झरे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत विखुरलेले आहेत. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या खोल भेगांतून पाणी खाली जाते, तापते आणि वर येते. या पाण्यात पडलेल्या नाण्यावर दोन वेगळ्या शक्ती काम करतात. गंधकाचे संयुग चांदीवर बसले की चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळी पडते. हा थर अतिशय पातळ असतो. खालची अक्षरे जशीच्या तशी राहतात. अकरा भाग चांदी आणि एक भाग इतर धातू असलेला व्हिक्टोरियाचा रुपया काळा पडला म्हणून बिघडला असे होत नाही. त्याने फक्त कुठे मुक्काम केला ते अंगावर लिहून घेतले. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाची अवस्था मात्र वाईट होते, कारण त्यातले तांबे भाग घेऊ लागते.

क्षार अधिक घातक. मिठासारख्या क्षारांतला क्लोराइड तांब्यात शिरला की नाणे बाहेर काढल्यावरही काम थांबत नाही. हवेतला ओलावा मिळाला की आतून फिकट हिरवे, भुरभुरीत पीठ सुटत राहते आणि त्याखाली खळगे पडतात. संग्रहालयवाले याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात आणि अशी नाणी चांगल्या नाण्यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवतात. आता आपले पितळी दहा पैसे घेऊ. १९६८ ते १९७१ या काळात हे नाणे पितळी मिश्रधातूत निघत असे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. गरम, खारट पाणी जस्ताला आधी उचलते आणि तांब्याला मागे ठेवते, त्यामुळे पृष्ठभागावर सच्छिद्र तांब्याचा लालसर थर राहतो. नळाच्या पितळी चाव्या वर्षानुवर्षे पाण्यात राहून लाल आणि ठिसूळ होतात, तसाच हा प्रकार. वजन काट्यावर घातले की ते उणे भरते. खरोखर तांब्याच्या चकतीवर छापलेले नाणे उणे भरण्याचे कारण नाही, तांबे पितळापेक्षा जडच आहे. शिवाय त्याची अक्षरे धारदार असतील; हे खळगे आणि हा खरबरीतपणा तिथे नसेल.

काटा हे या कामातले सर्वांत प्रामाणिक हत्यार. पाच रुपयांचे जाड निकेलमिश्रित नाणे नऊ ग्रॅमचे, अकरा बाजूंचे दोन रुपये सहा ग्रॅमचे, १९९२ नंतरचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा. सोनाराच्या साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एवढे सहज कळते. ॲसिडात बुडवलेले नाणे सगळीकडून सारखे बारीक होते, त्याची किनार सुरीसारखी पातळ होते आणि वजन घटते. पातळ चकतीवर चुकून छापलेल्या नाण्याचेही वजन घटते, पण ठशाची रेघ स्पष्ट राहते. पोलादी नाणी लोहचुंबकाला चिकटतात, निकेलमिश्रित तांब्याची चिकटत नाहीत. ॲल्युमिनियमच्या बारीक पैशांचा शत्रू पाण्यापेक्षा चुना. ज्या बटव्यात तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी असे, त्यात पडून राहिलेल्या दोन-तीन पैशांना चुन्याने इतके कोरलेले असते की आकडा वाचता येऊ नये. तो खड्डा आजोबांच्या सवयीचा असतो, टांकसाळीचा त्यात काही दोष नाही.

इथवर यंत्राच्या नाण्यांचे झाले. हाताने पाडलेल्या नाण्यांकडे वळलो की चूक या शब्दाचा अर्थच बदलतो. वज्रेश्वरीचे आजचे देऊळ चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेशी जोडलेले आहे: वसई मिळाली तर देऊळ बांधीन असा त्यांनी नवस केला होता, अशी आख्यायिका सांगतात, आणि १७३९ साली वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आला. त्या काळच्या बाजारात सामान्य माणसाच्या हाती खेळणारे नाणे म्हणजे शिवराई. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र' आणि 'पति'. आज शंभर शिवराया समोर घेतल्या तर एकीवरही ही अक्षरे पूर्ण सापडणे कठीण. एकीवर 'श्री' नाही, दुसरीवर 'ति' अर्धी कापली गेली आहे, तिसरीवर सारा मजकूर एका कुशीला झुकला आहे. ही केंद्र सुटलेली नाणी म्हणून विकणाऱ्याला शिवराईची टांकसाळ माहीत नाही. तिथे ठसा चकतीपेक्षा मोठा असे. चकती गोल असण्याचे बंधन नव्हते, भोवती कडे नव्हते, ठोका हातोड्याचा होता. तांब्याचे वजन बरोबर आहे ना, एवढेच पाहायचे. ठशाचा जेवढा भाग बसला तेवढा बसला. शिवाय पेशवाईत कोकणातल्या नागोठणे, रेवदंडा यांसारख्या ठिकाणी खासगी कारागिरांना सनदा देऊन पैसा पाडून घेतला जाई. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी राज्यातील चलन आणि टांकसाळी यांवर लिहिलेल्या निबंधात या सनदांची माहिती दिली आहे. इतक्या हातांनी कोरलेल्या ठशांवर ऱ्हस्वदीर्घाचा आणि 'शिव', 'सिव' अशा रूपांचा गोंधळ असणारच. त्याला चूक म्हणणे म्हणजे मोडीतल्या पत्राला आजच्या शुद्धलेखनाचे नियम लावणे.

त्याच काळच्या चांदीच्या रुपयांवर बारीक छिन्नीचे वार, चंद्रकोरी, टिंबे दिसतात. पहिल्या नजरेला ही सरळ नासधूस. पण ती सराफाची खूण आहे. रुपया आतून खरा आहे का, वर मुलामा आहे का, हे पाहण्यासाठी सराफ त्याला टोचत आणि आपली खूण उठवत. बट्टा किती लावायचा हे त्यावर ठरे. अशा खुणांनी भरलेला रुपया संग्राहकाला नको असतो, आणि त्याचमुळे तो किती हातांतून गेला हे सांगणारा कागद मात्र आपल्या हातून जातो. नाक डाकलेले रुपये, भोक पाडून माळेत ओवलेले रुपये यांचेही तेच. डाकाच्या जागी वेगळ्या रंगाचा धातू राहतो. नाक काढून टाकले तरी भिंगाखाली डाक कळतो. ते कुणाच्या तरी गळ्यातले होते, एवढी माहिती त्या डागात असते.

हानी आणि हेतू यांची गल्लत होऊ नये यासाठी नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे उदाहरण पुरेसे आहे. दारणा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळच्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला : तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता. डोंगरासारखी कमानींची आकृती, उज्जैनी चिन्ह आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. एकेक नाणे सुटे पाहिले असते तर कुणीही म्हणाले असते की दोनदा ठोका बसून बिघडलेले नाणे आहे. चेहऱ्याचे नाक एकीकडे, मध्येच कमानी, कडेला ग्रीक लिपीतल्या अक्षरांचे तुकडे. पण हजारो नाण्यांवर तेच चिन्ह पुन्हापुन्हा येते तेव्हा अपघात हा शब्द गळून पडतो. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला असे म्हटले आहे. राजमातेने मुलाची थोरवी गायली तर त्यात नवल नाही. पण हरलेल्या राजाच्या तोंडावर आपला ठसा मारून तीच चांदी पुन्हा बाजारात सोडलेली दिसली, तेव्हा त्या ओळीला धातूचा आधार मिळाला. यंत्रातून दोनदा ठोका बसलेल्या नाण्यावर दोन्ही वेळा तोच ठसा असतो. इथे दोन वेगळ्या राजांचे ठसे आहेत. एवढ्या एका फरकावर सातवाहनांच्या कालक्रमाचा केवढा तरी भाग उभा आहे.

याच्या अगदी उलट टोकाला सोपारा. वज्रेश्वरीहून पश्चिमेला, वसई तालुक्यात, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. दगडी पेटीत, मूर्ती आणि सोन्याच्या फुलांसोबत यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे निघाले, न झिजलेले. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा खारट; पण बंद पेटीत ना हात पोचला ना पाणी. जवळपास त्याच हवेत उघड्यावर पडलेली नाणी हिरव्या ढेकळांसारखी होतात. मुलूख कोणता यापेक्षा नाणे नेमके कशात पडून होते याला किती महत्त्व आहे, हे या दोन टोकांतून कळते.

आणि घरातली दिवाळी? लक्ष्मीपूजनाच्या ताटातला चांदीचा रुपया दरवर्षी दूधपाण्याने न्हातो, त्याला हळदकुंकू लागते आणि मग उजळावा म्हणून चिंच, रांगोळी किंवा राखेने घासला जातो. साठ-सत्तर दिवाळ्या झालेल्या रुपयावरच्या राणीचे नाक नाहीसे होते, मुकुटाच्या कळ्या एकमेकींत मिसळतात, अक्षरांच्या खाचांत लाल-पिवळे पूड बसते. त्या रुपयाला बाजारभाव नाही. घासणारा हात घरातल्या बायकांचा, म्हणून या झिजेला मी हानी म्हणायला तयार नाही. पण सापडलेल्या अनोळखी नाण्याला हाच उपचार केला जातो तेव्हा मात्र जीव कळवळतो. चिंचेतले आम्ल हिरवा थर काढते आणि त्याबरोबर नाण्याचा मूळ पृष्ठभागही नेते. तो थर कसा होता, खळग्यात क्लोराइड होता का, काळेपणा गंधकाचा होता की जाळाचा, तड्याची रेघ वर होती की खाली, हे सांगणारे सारे त्या वाटीतल्या पाण्याबरोबर मोरीत जाते. मागे राहते ते गुलाबी, गुळगुळीत तांबे, ज्याच्याबद्दल आता कुणीही काहीही सांगू शकते.

दोन्ही गोष्टी एकाच नाण्यावर असणेही अगदी शक्य आहे, आणि तेव्हा त्यांचा क्रम लावता येतो. ठशाच्या तड्याची वर आलेली रेघ असेल आणि तिला छेदून ओरखडा गेला असेल, तर रेघ आधीची. खळग्याच्या तळाशी अक्षराचा अवशेष दिसला, तर आधी छाप आणि मग पाणी. खळग्यावरून छाप स्वच्छ गेली असेल, तर तो दोष चकतीच्या धातूतच होता: लाटताना आत राहिलेली राख, हवा किंवा मळ. असे पापुद्रे सुटलेले नाणे टांकसाळीचेच, मग ते कितीही गंजल्यासारखे दिसो. मातीच्या थरांचा क्रम लावणाऱ्या उत्खननकर्त्याचे जे काम, तेच इथे एका रुपयाएवढ्या जागेत करायचे असते.

म्हणून गाळात, शेतात, जुन्या वाड्याच्या पायात नाणे मिळाले तर ते घासू नये. साध्या स्वच्छ पाण्याने माती सुटली तर सुटू द्यावी, सावलीत कोरडे करावे, प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर जागा, खोली, तारीख लिहावी. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, असा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. तिथे प्रत्येक काळाची चांगल्या अवस्थेतली नाणी पाहायला मिळतात, आणि बिघडलेले नाणे ओळखायला आधी न बिघडलेले पाहिलेले असावे लागते. आपल्या कुंडातले ते तांबूस दहा पैसे मात्र पाकिटातच असू द्यावेत, वर 'गरम पाण्याचा गाळ, पितळी, वजन उणे' एवढी चिठ्ठी लिहून.